बापानं लपवलं, मुलाला कळलं: कथेतली माफी इतकी स्वस्त का?

धरमपेठी
रविवारी अंबाझरीजवळ मित्राच्या गच्चीवर आम्ही सातआठ जण नव्या कथा वाचायला बसलो होतो. एका कथेत बापानं मुलाला दत्तक घेतल्याचं तीस वर्षं सांगितलेलं नाही. बाप जातो, कपाटात पत्र सापडतं, मुलगा ते छातीशी धरून रडतो, कथा संपते. बहुतेकांचे डोळे ओले झाले. मला राग आला.

असं गुपित उघडं पडतं तेव्हा मुलाच्या हातून त्याचं सगळं बालपण निसटतं. आत्या म्हणायची, "नाक अगदी आजोबांवर गेलंय." तेव्हा खोलीतली मोठी माणसं एकमेकांकडे बघत असतील का? एकेक आठवण परत काढून तपासावी लागते. त्या तपासणीला लेखकानं एक पान तरी द्यावं की नाही?

सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकातला ईडिपस आठवा. मेजवानीत एक दारुडा त्याला म्हणतो, तू या बापाचा नव्हेस. तो घरी जाऊन विचारतो. त्याला वाढवणारा कोरिंथचा राजा पॉलिबस आणि राणी त्या दारुड्यावर भडकतात, पण खरं सांगत नाहीत. मुलाच्या मनातला सल जात नाही. तो डेल्फीच्या देवळात जातो, तू बापाला मारशील असं भाकीत ऐकतो, या बापाला आपल्या हातून काही होऊ नये म्हणून कोरिंथकडे पाठ फिरवतो, आणि वाटेत तिठ्यावर ज्याला मारतो तो खरा बाप निघतो. सगळे दैवाबद्दल बोलतात. मला मात्र पॉलिबस दिसत राहतो. लेकरावर जीव होता म्हणूनच तो खोटं बोलला, आणि त्याच खोट्यानं लेकराला त्या तिठ्यावर नेऊन सोडलं.

महालची लेक
भाऊ, राग समजला, पण निवाडा घाईचा वाटतो. तुम्ही फक्त मुलाच्या बाजूनं मोजता. तीन वर्षांच्या पोराला काय सांगायचं? सहाव्या वर्षी काय? बाप दरवर्षी ठरवतो, यंदा नको, दहावी होऊ दे. मग नोकरी लागू दे. मग लग्न. ही भीती मी आमच्या महालातल्या घरांत जवळून बघितली आहे. द्रोणाच्या घरी दूध नव्हतं तेव्हा आईनं अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून दिलं. त्या माउलीलाही खोटारडी म्हणणार का?

तिसरी घंटा
ताई, एक दुरुस्ती. पीठ कालवणारी आई ही आपल्याकडच्या सांगण्यातली. आदिपर्वात द्रोण स्वतः भीष्मांना हे सांगतो, आणि तिथे पिठाचं पाणी पाजतात ती दुसरी पोरं. अश्वत्थामा "मीही दूध प्यालो" म्हणून नाचतो, पोरं हसतात, आणि ते बापाच्या जिव्हारी लागतं. मग तो उठून द्रुपदाकडे जातो. घरातलं कुणी खोटं बोललेलंच नाही. मग आपण ते खोटं आईच्या पदरात काहून टाकलं? घरच्या खोट्याला माया म्हणायची आपल्याला फार जुनी सवय आहे, असं मला वाटून राहिलं.

द्रोणपर्वात त्याच मुलाच्या नावानं दुसरं खोटं येतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून भीम ओरडतो, अश्वत्थामा मेला. द्रोणाला ते पटत नाही, तो लढत राहतो. तेच धर्मराज म्हणतो तेव्हा मात्र तो खचतो आणि शेवटी शस्त्र खाली ठेवतो. लहान मुलासाठी बाप हा धर्मराजच असतो. म्हणून बापाचं खोटं इतकं खोल जातं.

काटोल रोड
मी लिहीत नाही, नुसता वाचतो. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग होती. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी ती विकली आणि मला सांगितलं नाही. पुढची तीन वर्षं आंबिया बहाराची संत्री निघाली की ते नागपूरला माझ्या खोलीवर पिशवी घेऊन यायचे. "आपल्या बागेतली आहेत." ती बाजारातून विकत घेतलेली असायची. सुटीत गावी गेलो आणि बागेकडे जातो म्हटलं की नेमकं काहीतरी काम निघायचं. शेवटी चुलतबहिणीच्या लग्नात, पंगतीत, एक पाहुणा सहज बोलून गेला.

बाग गेल्याचं दुःख ओसरलं. पण काकाला, आत्याला, रखवालदाराला, माझ्या लहान भावालासुद्धा माहीत होतं. मी त्याला विचारायचो, यंदा फळ कसं आहे? तो म्हणायचा, बरं आहे.

बाबांशी मी कधी भांडलो नाही. पण नंतर ते काहीही बोलले की मी पडताळून बघायचो. औषध घेतलं म्हणाले, की ते झोपल्यावर डबी उघडून गोळ्या मोजायचो. शेवटपर्यंत मोजल्या. पत्र सापडल्यावर रडणारा मुलगा मला कथांमध्ये खूपदा भेटला. हा गोळ्या मोजणारा भेटला नाही.

महालची लेक
वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. तरी विचारते, राग मानू नका. बाबांनी बाग विकतानाच सांगितलं असतं, तर तुम्ही कॉलेज पूर्ण केलं असतं?

काटोल रोड
नाही, ताई. सोडून घरी गेलो असतो. त्यांना ते माहीत होतं.

तिसरी घंटा
आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे नाटक आठवलं. घरचे कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च झेपत नाही, अंगणात ट्रॅक्टर गंजून राहिला. वाडा बसत चालल्याचं घरातल्या प्रत्येकाला दिसतं, आणि तरी देशपांड्यांचा मोठेपणा सोडवत नाही. कुणाला पत्र सापडून कोडं सुटत नाही. एलकुंचवार ते ओझं तसंच प्रेक्षकाच्या खांद्यावर ठेवतात.

धरमपेठी
काटोल रोड, तुमच्या त्या "सोडून घरी गेलो असतो" पुढे मी अडलो आहे. बापाचा हिशेब बरोबर होता आणि तरी गोळ्या मोजणं थांबलं नाही. दोन्ही एकाच कथेत मावायला हवं. मित्राला सांगणार आहे, ते पत्र काढून टाक आणि सगळं माहीत असलेला एक धाकटा भाऊ आण.

महालची लेक
भाऊ आणा, पण पत्र काढू नका. त्या बापाला सांगायचं होतं, एवढा एकच पुरावा कथेत आहे. मुलगा ते उघडतो ती रात्र नका लिहू. बाप ते लिहायला बसतो, अर्ध्यावर फाडतो आणि सकाळी मुलाला शाळेत सोडायला जातो, ती लिहा.