ओटावा ते पांगनिर्तुंग : अंतर किती, विमानाला वेळ किती?

प्रश्न : ओटावाहून कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या पांगनिर्तुंग गावाला जायचं आहे. थेट विमान आहे का? एका दिवसात पोहोचता येईल?

उत्तर १ : थेट नाही, इकालुइटला (नुनावुतची राजधानी) विमान बदलावं लागतं. ओटावा–इकालुइट सरळ रेषेत सुमारे २१०० किमी, जेटने तीन तासांच्या आसपास. पुढे पांगनिर्तुंग ३०० किमी, टर्बोप्रॉपने (पंख्याच्या लहान विमानाने) साधारण एक तास. नुसतं अंतर भागिले वेग करू नका. चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही, दोन्हीकडे ईस्टर्न वेळ. रस्ता मुळातच नाही.

उत्तर २ : खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. पांगनिर्तुंगची धावपट्टी आखूड, खडीची आणि गावाच्या मधोमध. दोन्ही बाजूंना फ्योर्डचे (समुद्राच्या अरुंद, खोल खाडीचे) डोंगर, त्यामुळे वारा सुटला किंवा ढग खाली आले की विमान उतरतच नाही, परत इकालुइटला येतं. म्हणून परतताना पुढच्या ठरलेल्या विमानाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. औषधं, जाड कोट हातातल्या बॅगेतच; लहान विमानात वजन जास्त झालं तर सामान मागे राहतं.

प्रश्नकर्ता : इकालुइटला मुक्काम आधी ठरवू का?

उत्तर २ : हो, रद्द करता येईल असा. हॉटेलं मोजकीच आहेत आणि महाग.