सॅल्मन नाही, पण तयारी तीच
कुणीतरी विचारलंय, अमेरिकेतल्या मिशिगन तलावावर भाड्याच्या बोटीतून सॅल्मन धरतात, तसं तापोळ्यात का नाही? अहो, सॅल्मनला थंडगार पाणी लागतं. तिथेही तो उपराच. उपऱ्याच एलवाइफ माशांचा सुळसुळाट आवरायला १९६६ मध्ये कोहो या सॅल्मनच्या जातीची पिल्लं सोडली. आपल्या शिवसागरात, म्हणजे तापोळ्याच्या कोयना जलाशयात, कटला, रोहू. नशीब असेल तर महसीर.

हंगामाआधीची तयारी मात्र तीच. मागल्या वर्षी पावसाळाभर बोटीच्या टाकीत पेट्रोल तसंच राहिलं आणि पहिल्याच फेरीला इंजिन मधोमध बसलं. कार्बोरेटर उघडला तर आत चिकट, पिवळा थर. वल्ही होती म्हणून काठावरची बामणोली गाठली (पाहुण्यांनीही मारली बिचाऱ्यांनी). यंदा टाकी आधीच रिकामी केलीय. आणि लाइफ जॅकेटच्या पट्ट्या एकेक ओढून बघा, उंदीर कुरतडतात.