बोटावरचे ९७ आणि मांडीतला ऑक्सिजन
‘तुळजापूरच्या घाटात सायकल चढवताना पाय भरून आले तरी ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता, म्हणजे श्वासाचा संबंध नाही’ हे इथे एकाने मांडलेलं मत पटलं नाही. बोटावरचा आकडा धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय, याचा असतो. ते रक्त मांडीपर्यंत किती पोचतंय, हे त्यातून कळत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. धाप लागते तेव्हा श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायूही राबत असतात. पूर्ण जोर लावल्यावर शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी साधारण १० ते १५ टक्के तेच घेतात. ते थकू लागले की पायांच्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात. १९९७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात सरावलेल्या सायकलपटूंवर हे मोजलं गेलं: यंत्राने श्वासाचा भार हलका केला की पायांचा रक्तप्रवाह वाढला, श्वास मुद्दाम जड केला की घटला.

अर्थात हे शेवटच्या जोराचं. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावापर्यंत गप्पा मारत जाताना असं होत नाही. घाटात मात्र मी हात हँडलच्या वरच्या दांडीवर घेतो, पोट मोकळं ठेवतो आणि उथळ धापा टाकण्याऐवजी श्वास पूर्ण सोडतो. मांड्या बऱ्याच उशिरा पेटतात.