हातच्याची वजाबाकी: तुमच्या घरात, वर्गात कशी शिकवता?

चाफेकळी
लेक यंदा दुसरीत. हातच्याची वजाबाकी सुरू झाली आहे. ५२ वजा २७. शाळेत बाईंनी एक दशक सुटा करायला शिकवलं. पाचाचे झाले चार, दोनाचे झाले बारा. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. संध्याकाळी माझे बाबा शिकवायला बसले. त्यांची पद्धत त्यांच्या गुरुजींची, 'वर दहा, खाली एक'. वरच्या दोनाचे बारा आणि खालच्या दोनाचे तीन, मग पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच, २५. पण पोर पार गोंधळली. बाई म्हणतात वरचा कमी कर, आजोबा म्हणतात खालचा वाढव! रडायलाच लागली. बाबांना काही बोलवेना. मला त्यांनीच ओसरीवर खडूने लिहून हे असंच शिकवलं होतं, गणिताची गोडी तिथेच लागली. कालपासून ते सगळं डोक्यात फिरतंय. तुम्ही काय करता? शिक्षक मंडळींनी जरूर लिहा.

शेंगदाणा
आमच्याकडे अगदी हेच. आजोबांच्या जागी सासूबाई.

खडूफळा
जि. प. शाळेवर आहे, पहिली ते चौथी एकाच खोलीत. मी वहीवर लवकर येतच नाही. खराट्याच्या काड्या घ्यायच्या, दहा मोजून रबर लावायचा, झाला दशक. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आता म्हणायचं, मला सत्तावीस दे. मूल दोन गठ्ठे लगेच देतं. मग सात सुट्या मागितल्या की हातात दोनच. इथे मास्तरने गप्प बसायचं. फार अवघड जातं, पण बसायचं. एक पोरगा बराच वेळ काड्यांकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "गुर्जी, गठ्ठा फोडू का?" त्याला हातचा तिथे आला. वहीतलं चार आणि बारा हे नंतर त्याने जे केलं त्याचंच लिहिणं.
आणि बघा, मूल आधी गठ्ठे देतं, मग सुट्या. म्हणजे डावीकडून. एककापासून सुरुवात ही कागदावरची सोय आहे. काड्यांना तिची गरज नाही.

चाफेकळी
"फोडू का" वाचून भरून आलं गुरुजी. आजच काड्या मोजायला बसवते.

पेरू
पुण्यात खराटा कुठे मिळेल? आमच्या सोसायटीत सगळे प्लास्टिकचे झाडू.

मंडईतली
माझी आई शाळेत गेली नाही. मंडईत भाजीचा गाळा होता. सत्तावीसची भाजी, गिऱ्हाईक पन्नासची नोट आणि वर दोन रुपये सुटे द्यायचं. आई वजाबाकी करायचीच नाही, चढत जायची. सत्तावीसला तीन घातले तीस, वीस घातले पन्नास, वरचे दोन, झाले पंचवीस. नोट गल्ल्यात जायच्या आत हिशेब पुरा. मी तिच्या शेजारी बसून हेच शिकले. पण शाळेत उभी मांडणी नाही म्हणून त्याला मार्क नव्हते. आता माझ्या शिकवणीच्या मुलांना मी आधी हेच शिकवते. ज्यांचे आईवडील धंद्यात आहेत त्या मुलांना हे घरातूनच येत असतं हो, फक्त त्यांना कुणी सांगत नाही की हेच गणित आहे.

शेंगदाणा
मंडईतली, शेवटचं वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये लावायला हवं.

इझारकाठ
म्युनिकहून लिहितेय, मुलगा तिसरीत. तुमची मुलं उलटे आकडे लिहितात का? हा बावन्न ऐकून २५ लिहायचा, कारण मराठीत आधी दोन ऐकू येतो. जर्मनमध्येही तसंच, आधी दोन आणि मग पन्नास. दोन्ही भाषांनी कात्रीत धरलं बिचाऱ्याला. इथे बोखुमच्या विद्यापीठातून निघालेली त्स्वान्त्सिगआइन्स म्हणून संस्था आहे, तिचं म्हणणं शाळेत एकवीसला 'वीस-एक' असंही शिकवा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ! बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या, जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरं जड जाणाऱ्या मुलांसाठी सोबत दिलंय. मला तेव्हाही पटलं होतं, आता तर रोज पटतं.

पेरू
आमच्या ह्यांना फोनवर नंबर सांगताना एकोणसाठ म्हटलं की हमखास "म्हणजे पाच नऊ की सहा नऊ?" इंजिनीयर आहेत.

निवृत्त_मास्तर
चाफेकळीताई, आजोबांची पद्धत बरोबर आहे, फक्त तिचं कारण सहसा कुणी सांगत नाही. वर दहा एकक वाढवले, खाली एक दशक वाढवला, म्हणजे दोन्ही संख्यांत दहाच वाढले. फरक बदलत नाही. नातीला विचारा, तुझ्या आणि आजोबांच्या वयात किती अंतर? दहा वर्षांनी किती असेल? ती बरोबर सांगेल. पण दुसरीत एका वेळी एकच पद्धत पक्की होऊ द्या. आजोबांना म्हणावं, चौथीपर्यंत थांबा. तोवर पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घ्या. औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा. हल्लीच्या मुलांना औट म्हणजे साडेतीन हेच ठाऊक नसतं.

चाफेकळी
मास्तर, बाबांना वाचून दाखवलं. खूश आहेत. औटकी लगेच सुरू झाली!

सुपारी
मध्ये शून्य आलं की काय करता? ३०० वजा १४८. माझा भाचा तिथे अडतो, रोज फोन येतो.

मंडईतली
दोन्हीतून एक काढ म्हणावं. २९९ वजा १४७. हातचाच उरला नाही. १५२.

सुपारी
अरे वा!! हे वर मास्तरांनी सांगितलं तेच की, फक्त वाढवण्याऐवजी कमी केलं.

खडूफळा
पण आधी शंभराचा मोठा गठ्ठा एकदा तरी फोडू द्या. त्याचे दहा दशक, त्यातला एक पुन्हा फोडायचा, राहिले नऊ. ते नऊ कुठून आले हे हाताला कळायला हवं. मग युक्ती.

नाशिकचा_द्राक्ष
सरावाला पानंच्या पानं देण्यापेक्षा कापरेकरांचा ६१७४ द्या. देवळालीच्या शाळेत शिक्षक होते ते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक एकसारखे नकोत. मोठ्यात मोठी मांडणी वजा लहानात लहान, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घ्या:
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
आणि पुढे ६१७४च येत राहतं. माझ्या चौथीतल्या मुलीने मधल्या सुट्टीत मैत्रिणींना लावलं हे. कुणाचं ६१७४ येईना तर सगळ्या मिळून तिची चूक शोधत होत्या. इतकी हातच्याची वजाबाकी मी सांगून तिने केली नसती.

इझारकाठ
हे भारी आहे, आज रात्रीच करतो आम्ही.

शेंगदाणा
पेरू, मंडईच्या मागे बुरुडांकडे बघ खराट्याला. नाहीतर आइसक्रीमच्या काड्या, स्टेशनरीत पाकीट मिळतं.

पेरू
थँक्यू! आइसक्रीमच खाऊ मग, पन्नास काड्या जमेपर्यंत.

सुपारी
भागाकारावर पण लिहा ना कुणी. भाच्याचं पुढचं प्रकरण तेच आहे.

खडूफळा
वेगळा धागा काढा, येतो तिकडे. खिचडी आली, पोरं ताटं घेऊन दारात उभी आहेत.