'कॉपी', 'मूव्ह' आणि आपलं 'काढणं' : फाइलींसाठी नेमका शब्द कोणता?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक शब्द विचारायचाय. मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते आणि संध्याकाळी घरीच दोन तास आमच्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना कंप्युटर शिकवते. फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात नेताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी करतो, एकात (कॉपी) फाइल जुन्या जागी राहते आणि एकात (मूव्ह) राहत नाही, पण बोलताना मात्र सगळे सरसकट 'काढली', 'घेतली', 'टाकली' म्हणून मोकळे होतात. मला असे शब्द हवेत की ऐकल्याबरोबर कळावं, मागं काय उरलं.

का विचारतेय ते सांगते. माझ्या आत्यानं आजोबांची मोडीतली पत्रं स्कॅन करून पेनड्राइव्हमधे ठेवली होती, चाळीसेक पानं. त्यांच्या प्रिंट हव्या होत्या म्हणून ती एका झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि तिथल्या मुलाला गुजरातीत म्हणाली, 'आमांथी फाइलो काढी लो ने प्रिंट काढी आपो.' त्यानं फाइली काढून घेतल्या, म्हणजे कट करून स्वतःच्या मशीनवर पेस्ट केल्या, प्रिंट दिल्या, पैसे घेतले. घरी येऊन आत्यानं पेनड्राइव्ह लावला तर रिकामा. रात्रभर तिला झोप नाही, कारण मूळ कागद इतके जीर्ण झालेत की पुन्हा स्कॅनरवर ठेवायची भीती वाटते. सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दोघी दारात उभ्या. त्याच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ३' मधे सगळ्या फाइली जशाच्या तशा होत्या, आणि तो म्हणाला की रविवारी तो असे फोल्डर साफ करतो. त्या दिवशी शनिवार होता!

मुलाला मी दोष देत नाही, आत्याला पण नाही. दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोघांच्या मनात त्याचे अर्थ वेगळे होते. फोटो काढणे म्हणजे नवा तयार करणे, झेरॉक्स काढणे म्हणजे मूळ ठेवून दुसरी करणे, दात काढणे म्हणजे तिथून कायमचा घालवणे. मग 'फाइल काढून घे' म्हटल्यावर समोरच्यानं यातलं काय समजायचं?

इंदूरहून उत्तर :

ताई, आमच्याकडे हाच घोळ 'टाकणे' चा आहे. हिंदीतलं 'डाल दो' डोक्यात असतं म्हणून 'पेनड्राइव्हमधे टाक' म्हणतो, आणि तोच माणूस पाच मिनिटांनी 'जुनी फाइल टाकून दे' म्हणतो. एका 'टाक' मधे ठेवायचं आहे, दुसऱ्यात फेकायचं आहे. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीनं एकदा मला विचारलंच, 'सर, टाकू म्हणजे ठेवू का डिलीट करू?' तेव्हापासून मी 'ठेव' म्हणतो.

आणखी एक उत्तर :

कॉपीला सरळ 'प्रत' म्हणा की, छान शब्द आहे. 'नक्कल' नको, ते परीक्षेत करतात किंवा दुसऱ्याच्या चालण्याबोलण्याची करतात, त्यात खोटेपणाचा वास आहे.

पुन्हा मी :

'ठेव' एकदम पटलं, उद्यापासून वर्गात चालू. 'प्रत' बद्दल वाद नाही, 'एक प्रत काढ' म्हटलं की कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण पहिली कुठेतरी असल्याशिवाय प्रत निघतच नाही. पण 'नक्कल' ची बाजू मला घ्यायचीय. कचेरीत हा शब्द अजून पूर्ण मानानं नांदतोय, आमच्याकडे गुजरातीतही सातबाराची 'नकल' च मिळते आणि ती खोटी म्हणून कुणी परत करत नाही. जुन्या दस्तांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे मुळाबरोबर ताडून पाहिलेली. अस्सल आणि नक्कल अशी जोडी आहे ती, एक म्हटलं की दुसरं आहेच. कंप्युटरात तर नक्कल अस्सलपेक्षा अक्षराचाही फरक नसलेली होते, मग कमीपणा कसला?

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. 'नक्कल' मूळ अरबी 'नक्ल' वरून आलाय आणि तिथे त्याचा पहिला अर्थ आहे एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे! लिहिलेलं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेणं म्हणजे उतरवून घेणं, असा तो अर्थ पुढे सरकला आणि फारसीतून आपल्याकडे आला तो फक्त हा दुसरा अर्थ घेऊन. उर्दूत आजही 'नक्ले-मकानी' म्हणजे घरदार सोडून दुसरीकडे जाणं. आणि अरबी कंप्युटरवर 'नक्ल' लिहिलेलं असतं ते मूव्हला, कॉपीला तिथे 'नस्ख' हा निराळाच शब्द आहे (आपला 'नुसखा' त्याच घरातला). म्हणजे अरबी माणूस ज्याला हलवणं म्हणतो त्याच शब्दाला आपण प्रत करणं म्हणतो. कॉपी आणि मूव्हची सरमिसळ आत्यापासून सुरू झाली असं मला वाटायचं, पण ती या शब्दाच्या पोटातच होती.

आणि शब्द बसून ठरवणं वडोदऱ्याला नवं नाही बरं का. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत समोरासमोर मांडलेले. कचेरीतल्या कारकुनाला नेमका शब्द मिळावा म्हणून एवढं करणारं आमचं गाव, आपण दोन क्रियापदं तरी ठरवूया.

तांत्रिक बाजूनं एक उत्तर :

कंप्युटर स्वतः काय करतो तेही बघा. फाइल त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरात मूव्ह केली तर आतला मजकूर जागचा हलतच नाही, फक्त 'ही फाइल अमुक फोल्डरात आहे' ही नोंद बदलते. म्हणून ३ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ डी ड्राइव्हच्या एका फोल्डरातून दुसऱ्यात क्षणात जातो. तोच पेनड्राइव्हवर मूव्ह केला तर आधी पूर्ण कॉपी होते आणि मग जुनी डिलीट होते, त्याला वेळ लागतो, आणि हे चालू असताना पेनड्राइव्ह उपटू नये. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत तर 'कॉपी' पहिल्यापासून होतं पण 'मूव्ह' ही कमांड १९९३ च्या ६.० आवृत्तीत आली, तोवर लोक कॉपी करून जुनी हातानं डिलीट करायचे. लिनक्सवर फाइल हलवायची आणि तिचं नाव बदलायचं कमांड एकच, 'एमव्ही'.

पुन्हा मी :

वा, नोंद बदलते हे फार कामाचं सांगितलंत. मग मूव्हला 'हलवणे' च योग्य, माझं मत पक्कं झालं. बिऱ्हाड हलवलं म्हटलं की मागे बिऱ्हाड उरत नाही, पेशंटला मोठ्या दवाखान्यात हलवलं की तो पहिल्या खाटेवर नसतो, 'हलवणे' मधे हे आपोआप येतं, सांगावं लागत नाही. 'स्थलांतर' फार जड, 'बदली' माणसांची होते, 'सरकवणे' म्हणजे तिथल्या तिथे थोडंसं.

अडचण एकच आहे आणि ती आमच्या गावची आहे. गुजरातीत 'हलाववुं' म्हणजे ढवळणं किंवा हलवत राहणं, जागा बदलण्याला ते 'खसेडवुं' म्हणतात. त्यामुळे शेजारच्या गुजराती काकींना मी 'फाइल हलवा' म्हटलं तर त्यांनी माउस गरागरा फिरवला. आणि उलटा किस्सा याहून गमतीचा, माझा भाचा गुजराती शाळेत जातो, तो आजीला म्हणाला, 'आजी, तुझे फोटो मी पेनड्राइव्हमधे मुकले.' गुजरातीत 'मूकवुं' म्हणजे ठेवणं. मराठीत मुकणं म्हणजे गमावणं. आजीचा चेहरा एवढा उतरला, म्हणाली, 'अरे मुकले कसे, काल तर होते!' मग त्यानं स्क्रीनवर एकेक फोटो उघडून दाखवला तेव्हा तिला हायसं वाटलं.

आता 'कट' बद्दल. तो मुळात मजकुराचा शब्द, कात्रीनं कागद कापून डिंकानं दुसरीकडे चिकटवायचे त्यावरून आलेला, १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' नावाच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी तो कंप्युटरवरच्या लिहिण्यात आणला. मजकूर कट केला की लगेच दिसेनासा होतो. फाइलचं तसं नाही, विंडोजमधे फाइल कट केली की तिचं चित्र फिकट होतं एवढंच, पेस्ट करेपर्यंत ती जागेवरच असते, मधेच दुसरं काही कॉपी केलं तर पहिलीला काही होत नाही. म्हणून 'फाइल कापा' हे भाषांतर मला चुकीचंच वाटतं, त्यात काही कापलं जात नाही आणि शिकणाऱ्याला उगाच धास्ती बसते. मी 'हलवायला उचल' म्हणते. मॅकमधे फाइलला नुसती कॉपी करायची आणि ठेवताना ऑप्शनचं बटण दाबून ठरवायचं की प्रत ठेवायची का हलवायची, ते मला जास्त बरोबर वाटतं, निर्णय ठेवताना.

इंदूरहून पुन्हा :

आणि माउसनं ओढतो त्याचं काय? 'ओढून टाक' आम्ही सर्रास म्हणतो.

मी :

'ओढणे' सगळ्यात फसवा! विंडोजमधे त्याच ड्राइव्हवर ओढलं तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर प्रत होते, हात तोच, कृती तीच, आणि मागं काय उरलं ते निराळं. कंट्रोल दाबून ओढलं तर कुठेही प्रतच होते, शिफ्ट दाबून ओढलं तर कुठेही हलतेच. पण आमच्या मंडळींना बटणं लक्षात राहत नाहीत म्हणून मी उजव्या बटणानं ओढायला शिकवते, तसं सोडलं की कंप्युटर स्वतःच विचारतो, इथे कॉपी करू का मूव्ह करू. त्या मेनूचा प्रिंट काढून मी भिंतीवर लावलाय, कॉपीसमोर पेननं 'प्रत ठेव' आणि मूव्हसमोर 'हलव' लिहून. आत्या परवा त्याच दुकानात पुन्हा गेली होती, तिनं मुलाला सांगितलं, 'अमारी फाइल अमारी पासे रहेवा दो, तमे नकल लई लो.' त्यानं तिच्यासमोर कॉपी केलं, पेनड्राइव्ह उघडून फाइली दाखवल्या आणि मगच तो काढून हातात दिला.