मदत हवी आहे: सोशल सिक्युरिटीवरचा टॅक्स आणि आमचं रॉथचं गणित

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही पासष्टी ओलांडलेले, न्यू जर्सीत राहतो. इथल्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद चालतो: ट्रम्पनी सोशल सिक्युरिटीवरचा, म्हणजे निवृत्तांना मिळणाऱ्या सरकारी पेन्शनवरचा, टॅक्स काढला की नाही? एक गट म्हणतो काढला, दुसरा म्हणतो निव्वळ धूळफेक. मी कायदाच वाचला (निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय!). जुलै २०२५ च्या कायद्यात तो टॅक्स काढलेला नाही. ६५ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ६,००० डॉलरची जादा वजावट आहे, तीही २०२५ ते २०२८ एवढीच. जोडप्याचं उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की ती घटत जाते.

खरं दुखणं जुनं आहे. जोडप्याला हा टॅक्स कधी लागतो ते ठरवणाऱ्या ३२,००० आणि ४४,००० डॉलरच्या मर्यादा १९८३ आणि १९९३ च्या कायद्यांतल्या. महागाईबरोबर त्या वाढल्याच नाहीत, आणि त्याची घाई कुठल्याच पक्षाला दिसत नाही. असो.

आमचं उत्पन्न दीड लाखाच्या जरा खाली आहे, पण जुन्या आयआरएतले (निवृत्तीसाठीचं बचत खातं, ज्यातून पैसे काढताना टॅक्स लागतो) पैसे रॉथमध्ये (ज्यात टॅक्स आधीच भरायचा, नंतर काढताना नाही) हलवायचेत. हलवलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते, म्हणजे वजावटीला कात्री. शिवाय मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणून दोन वर्षांनी तो वाढण्याची भीती.

२०२८ पर्यंत थोडं थोडं हलवावं, की एका वर्षाची वजावट सोडून एकदाच मोकळं व्हावं? कुणी प्रत्यक्ष केलंय का? आकडे मांडून सांगितलंत तर फार बरं होईल. राजकारणावर कट्ट्यावर बोलूच.