शब्दचर्चा : 'जे श्रेष्ठ ते पसंत करावे' – पसंत की पारख?

अनुस्वार : बायबलच्या नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्र १:१० मध्ये प्रेषित पौल प्रार्थना करतो, की जे श्रेष्ठ ते तुम्ही पसंत करावे. 'पसंत' खटकतो. पसंत तर भिंतीचा रंगही करतात. देवाच्या लेखी खरे मोल कशाला आहे, हे ओळखण्याच्या क्रियेला नेमका शब्द कोणता? विवेक, निवड, पारख?

बोरू : पारख. मूळ ग्रीक क्रियापद 'दोकिमाझेइन'. लूक १४:१९ मध्ये पाच जोड्या बैल विकत घेतलेला माणूस मेजवानीला यायचे टाळतो, कारण त्याला ते पारखायला जायचे आहे. तिथे हेच क्रियापद आहे. बैल नुसता बघून कळत नाही, जुंपून चालवावा लागतो. १ पेत्र १:७ मध्ये अग्नीत पारखलेले सोने येते, तिथेही हेच. 'पसंत' अगदीच चूक नाही म्हणा. तपासणे आणि तपासून मान्य करणे ही दोन्ही टोके त्या क्रियापदात आहेत. मराठीत फक्त दुसरे उतरले.

तळटीप : बोरू, क्रियापद मान्य, पण गाठ 'श्रेष्ठ'मध्ये आहे. मूळ 'ता दियाफेरोन्ता'. याचे दोन अर्थ लागतात : एकमेकींहून वेगळ्या असलेल्या गोष्टी, किंवा इतरांपेक्षा सरस असलेल्या. मत्तय ६:२६ मध्ये येशू पाखरांकडे बोट दाखवून विचारतो, तुम्ही त्यांच्यापेक्षा अधिक मोलाचे नाही का? तिथे हेच क्रियापद 'अधिक मोलाचे असणे' या अर्थाने येते. म्हणून दुसरा अर्थ मला सरस वाटतो. प्रश्न चांगले-वाईट एवढाच नाही. चांगल्यातून अधिक चांगले उचलायचे आहे, आणि तेच अवघड.

विवेकाला मात्र इतक्या लवकर बाजूला सारू नका. 'विच्' म्हणजे वेगळे करणे, त्यावरून विवेक. पहिला अर्थ घेतला तर तो चपखल बसतो. शिवाय आधीच्याच वचनात तो आहे : प्रीती ज्ञानाने व विवेकाने वाढावी. तिथला मूळ शब्द 'ऐस्थेसिस', म्हणजे जाणीव, इंद्रियांनी टिपणे. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्याचा सख्खा शब्द इब्री ५:१४ मध्ये आहे, आणि तिथे ही जाण सरावाने तयार होते असे म्हटले आहे. क्रम पाहा : आधी प्रीती, तिच्यात जाण, मग पारख. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुधा उलटे चालते. पारख आधी सुरू होते, तीही दुसऱ्याची.

अनुस्वार : मग मत्तय २३:२३ मधल्या 'मुख्य गोष्टी'? तिथेही दियाफेरोन्ताच का?

बोरू : नाही. तिथे 'बारुतेरा', शब्दशः 'अधिक जड'. चित्र वजनाचे आहे. येशू शास्त्री-परूशी या यहुदी धर्मपुढाऱ्यांना सुनावतो : पुदिना, शेप, जिरे यांचा दहावा भाग मोजून द्यायचा आणि न्याय, दया, विश्वास सोडून द्यायचे. 'मुख्य'मध्ये ते वजन हरवते. पुढचे वचन आणखी तिखट : मुरकूट गाळून काढता नि उंट गिळता. मुरकूट म्हणजे चिलटासारखा बारीक किडा. लेवीय ११ प्रमाणे उंटही अशुद्धच, म्हणून टोमणा दुहेरी बसतो.

इथे एक चूक हमखास होते. जड ते धरायचे म्हणजे हलके टाकायचे, असा अर्थ काढतात. येशू तसे म्हणत नाही. हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते, असे म्हणतो. जिऱ्याचा दशांश चुकीचा नव्हता, ताजवा चुकीचा होता.

शिरोरेखा : प्रत्यक्षात वापरायचे कसे? उपास धरावा की नाही, विशिष्ट दिवस पाळावा की नाही, असे वाद कायमचेच आहेत.

तळटीप : रोमकरांस १४ त्यासाठीच आहे. तीन गोष्टी तपासा. शास्त्राने ही गोष्ट स्पष्ट सांगितली आहे की आपण अनुमान काढले? ती करताना किंवा न करताना देवाचे आभार मानता येतात का (१४:६)? आणि तिच्यामुळे दुर्बळ विश्वासाचा भाऊ अडखळतो का (१४:१३)? तिसरा प्रश्न लोक गाळतात, कारण पहिल्या दोनांत आपली बाजू जिंकलेली असते. एखाद्याला खाण्याची मोकळीक खरोखर असेल. पण त्याच्या ताटाकडे पाहून दुसरा स्वतःच्या मनाविरुद्ध खायला लागला, तर १४:२३ प्रमाणे त्या दुसऱ्याचे ते खाणे पाप ठरते. पहिल्याच्या मोकळिकीची किंमत दुसरा भरतो.

ज्यांची शास्त्रात आज्ञाही नाही आणि मनाईही नाही, अशा बाबींना पुढे 'अदियाफोरा' नाव पडले. मूळचा शब्द स्टोइक या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचा. प्रोटेस्टंट सुधारक लुथरच्या अनुयायांनी १५७७ च्या त्यांच्या विश्वासविधानात दहावे कलम यावरच लिहिले. त्यातली खोच अशी : अशी बाब छळाच्या काळात सक्तीने लादली, तर ती मोकळी राहत नाही, तिथे नमते घ्यायचे नाही.

शिरोरेखा : १ करिंथ १२:१० मधले 'आत्मे ओळखणे' म्हणजेही हीच पारख का?

बोरू : नाही. तिथे 'दियाक्रिसिस', काहींना दिलेले कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याकडून मिळालेली खास देणगी. पारख मात्र सगळ्यांकडून अपेक्षित आहे. १ थेस्सल ५:२१ मध्ये सरळ आज्ञार्थ आहे : सर्व गोष्टींची पारख करा. रोमकरांस १२:२ मध्ये देवाची इच्छा समजून घेण्यासाठीही दोकिमाझेइनच. लोक ते वचन नोकरी आणि लग्नापुरते वापरतात. पौल मात्र पुढे त्याच अध्यायात नम्रता, पाहुणचार, वैऱ्याला जेवू घालणे हे विषय घेतो.

अनुस्वार : मग १:१० मध्ये 'जे श्रेष्ठ ते पारखून घ्यावे' असे केले तर?

तळटीप : चालेल. 'पारखून घेणे'त तपासणीही आली आणि पत्करणेही.